असाटीगच्या घोड्यांना पोळी नको, प्लीज

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या असाटीग बेटावरच्या कॅम्पिंगबद्दल लेख आला होता, लेख मस्तच होता, पण त्याच्यासोबत जो फोटो छापलाय त्यात एक लहान मुलगा तिथल्या जंगली घोड्याला हाताने पोळी भरवतोय आणि खाली लिहिलंय की मुक्या मित्राला मायेचा घास. तो बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही मेरीलँडमध्येच राहतो, असाटीगला नेहमी जातो, आणि आता मे-जूनमध्ये इथल्या मुलांचे आईवडील भारतातून यायला लागतील, त्यांच्यातले कितीतरी जण तुमचा पेपर वाचणारे, त्यांना लेक-जावई वीकेंडला असाटीगला नेणार आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच फोटो असणार.

त्या घोड्यांना खायला घालायला आणि हात लावायला, दोन्हीला बंदी आहे. 40 फूट लांब राहायचं, म्हणजे मधे एक एसटी उभी राहील एवढं अंतर. घोडा स्वतःहून जवळ आला तर आपण मागे सरकायचं, सेल्फीसाठी थांबायचं नाही.

ती जागा आहे कशी हे सांगितलं तर लक्षात येईल. असाटीग हे समुद्र आणि खाडी यांच्यामधलं वाळूचं लांबलचक बेट, साधारण 37 मैल, वरचा भाग मेरीलँडमध्ये आणि खालचा व्हर्जिनियात. एके काळी तिथे प्लॉट पाडून विकले होते, रस्ताही झाला होता, पण मार्च 1962 च्या वादळाने जवळजवळ सगळं धुऊन नेलं आणि 1965 मध्ये सरकारने ते नॅशनल सीशोर, म्हणजे राष्ट्रीय संरक्षित समुद्रकिनारा, म्हणून राखून ठेवलं. त्यामुळे नॅशनल सीशोरच्या कॅम्पग्राउंडच्या आजूबाजूला हॉटेल नाही, किराणा नाही, काही म्हणजे काही नाही. जे लागेल ते गाडीत भरूनच न्यायचं, आणि आपली माणसं म्हटल्यावर भरतातच, थेपले, चिवडा, लाडू, कांदे-बटाटे, पावभाजीचं सगळं सामान. ड्राइव्ह-इन साइट म्हणजे गाडी तंबूच्या शेजारीच लागते, समोर एक टेबल आणि शेकोटीची जागा, मग डिकी उघडली की पाच मिनिटांत सगळं टेबलावर मांडलं जातं आणि लोक निघतात बीचवर.

घोडे हेच हेरून असतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या साइटवर एक कुटुंब आलं होतं, आपल्याकडचंच, संध्याकाळी भेळेची तयारी चालली होती, आणि वाळूच्या ढिगाऱ्यामागून एक तपकिरी-पांढरी घोडी आली, शांतपणे, घाई नाही काही नाही, सरळ कूलरपाशी गेली आणि ओठांनी झाकण वर उचललं, म्हणजे अगदी सवयीचं काम असल्यासारखं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पोळ्यांचा डबा घोडीच्या तोंडात आला तेव्हा आजी तो सोडवायला पुढे झाल्या, घोडीने कान मागे पाडले, गर्रकन वळली आणि लाथ झाडली, ती लाथ टेबलाच्या बाकावर बसली म्हणून बरं. सत्तरीच्या बाईच्या पायाला लागली असती तर काय झालं असतं विचार करा.

आणि माणसाचं सोडा, घोड्याचं काय होतं ते तर कोणी सांगतच नाही. ते दिवसभर खाडीकाठचं खारं, जाड गवत खातात, त्यात मीठ इतकं असतं की पाळीव घोड्याच्या दुपटीपेक्षा जास्त पाणी पितात, म्हणून पोट फुगलेलं दिसतं. लोकांना वाटतं आजारी आहे, कोणाला वाटतं उपाशी आहे, आणि मग पोळी पुढे करतात. त्यांच्या पोटाला मैदा, साखर, तेल मानवत नाही, पोटात कळा येतात, आणि घोड्याच्या जातीत पोटदुखी जिवावर बेतू शकते. शिवाय एकदा गाडीच्या खिडकीतून खाऊ मिळाला की ते रस्त्यावरच उभे राहायला लागतात, आणि गाड्यांखाली घोडे मेलेत तिथे. चिप नावाचा एक घोडा होता, कॅम्पमधल्या खाण्याला इतका सोकावला की लोकांच्या अंगावर यायला लागला, शेवटी 2022 मध्ये त्याला बेटावरून काढून टेक्सासला अभयारण्यात पाठवावं लागलं. जिथे जन्मला, जिथे त्याचा कळप होता, तिथून कायमचा गेला, आणि त्याची चूक काहीच नव्हती हो, सवय माणसांनी लावलेली.

आपल्याकडे गाईला घास काढून ठेवतात, चिमण्यांना दाणे टाकतात, मीही त्याच घरात वाढलेय आणि त्यामागची माया मला पूर्ण कळते. म्हणूनच सांगतेय की तिथे ही माया दाखवायची तर लांब उभं राहून बघा. भरतीच्या कडेने कळप चालत जातो, पिल्लू आईच्या पोटाला चिकटून, ते 40 फुटांवरूनही डोळे भरून दिसतं.

जाणाऱ्यांनी एवढं करा. ड्राइव्ह-इन घेतलंय तर गाडी दोन पावलांवर आहे, त्यामुळे जेवण झालं की सगळं, म्हणजे कूलर, मसाल्याचा डबा, कचऱ्याची पिशवीसुद्धा, गाडीत टाकून काचा पूर्ण बंद. तंबूत खाऊ ठेवू नका, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. स्वयंपाक चालू असताना एक जण टेबलापाशी हवाच. तंबूला वाळूत धरतील असे लांब खुंटे घ्या, नेहमीचे छोटे खुंटे तिथल्या वाऱ्यात उपटून येतात. उन्हाळ्यात डास भयंकर असतात, खाडीच्या बाजूला तर विचारू नका, आईवडिलांना न्यायचं तर मेच्या सुरुवातीला किंवा सप्टेंबरनंतर न्या. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि वीकेंड पटापट भरतात.

तुम्हाला एकच विनंती, तो फोटो जितका मोठा छापला तितक्याच ठळकपणे पुढच्या पुरवणीत एक चौकट छापा की असाटीगच्या घोड्यांना खायला घालू नये, आणि ऑनलाइन आवृत्तीतून तो फोटो काढून टाका. तिकिटं काढलेली मंडळी महिन्याभरात निघतील, त्याआधी आलं तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, मेरीलँड