आठ सोडून सहाच का?

क्लीव्हलंड, ओहायो

प्रिय दत्ता,

तुझा मेसेज वाचला. "त्या देशात गल्लोगल्ली व्ही-एट पडलेत आणि तू सहा सिलिंडरचा खटारा उचललास?" याचं उत्तर फोनवर देणार नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात मधे तोंड घालायची सोय नाही.

खटारा म्हणजे १९८६ ची फोर्ड एफ-१५०. पत्रा ठिकठिकाणी खाल्लेला आहे. इथे बर्फ वितळावं म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ मारतात, त्यापुढे कुणाचाच पत्रा टिकत नाही. त्यामुळे इकडे जुन्या पिकअपचं मरण पत्र्याकडून येतं. हौदा गळून पडलेला असतो आणि इंजिन मात्र किल्ली फिरवली की निमूट चालू होतं. माझ्या गाडीत आहे ते तीनशे क्युबिक इंचांचं, आपल्या हिशेबात ४.९ लिटर, सहाच्या सहा सिलिंडर एका ओळीत उभे, व्ही-एटचे आठ असतात तसे दोन तिरक्या ओळींत वाटलेले नाहीत. फोर्डने ते १९६५ च्या पिकअपमध्ये पहिल्यांदा बसवलं आणि १९९६ पर्यंत काढत राहिले. कुठे, तर आमच्या विमानतळाला लागून असलेल्या ब्रूक पार्कच्या कारखान्यात. तेव्हा मी गावातलीच गाडी घेतली असं समज.

बॉनेट उघडलं की आधी जमीन दिसते. खरंच सांगतो. इंजिन लांब नि अरुंद, आणि पुढची जागा व्ही-एट मावेल एवढी रुंद ठेवलेली. त्यामुळे दोन्ही बाजूंना इतकी मोकळीक उरते की आत पाय सोडून बसून काम करणारे लोक आहेत. एका अंगाला प्लग आणि डिस्ट्रिब्युटर, दुसऱ्या अंगाला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या. हेड एक, गॅसकेट एक, वरचं झाकण एक. व्ही-एटला हे सगळं जोडीने लागतं, आणि मागचे प्लग काढताना मनगटाची सालटी निघतात ती वेगळीच. तू दिवसभर आजकालच्या गाड्यांत एका सेन्सरसाठी अर्धं इंजिन उतरवतोस. तुला हे बघून माझा हेवा वाटेल.

पण जागा हे खरं कारण नव्हे. खरं कारण क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनांची वर-खाली चाल फिरकीत बदलणाऱ्या दांड्यात आहे. आबांनी आपल्याला मार देऊन पाठ करून घेतलेलं आठव: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. टाटाच्या १२१० ट्रकवर आपण ते शिकलो. माझ्या फोर्डची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत स्फोट व्हायचा क्रम, तीच. शेवरोलेच्या सिक्सची तीच, डॉजचीही तीच. तेव्हा आपल्याला वाटायचं हा टाटाचा नियम. तो भूमितीचा नियम निघाला.

बघ, चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून वाटतं हिशेब फिटला. फिटत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात जास्त वेगाने धावतो आणि खालच्या अर्ध्यात कमी. वरचा धक्का आणि खालचा धक्का सारखे नसतात, आणि उरलेला फरक प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंजिनाला हादरवतो. इंजिन मोठं करत जा, हादरा वाढत जातो. सहामध्ये क्रँकच्या तीन जोड्या, एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, एकमेकींपासून १२० अंशांवर. या तिघींचे धक्के एकमेकांना पुरते खाऊन टाकतात, तो फेऱ्यात दोनदा येणारा उरलेला धक्काही. शिवाय पुढचे तीन सिलिंडर म्हणजे मागच्या तिघांची आरशातली प्रतिमा, त्यामुळे इंजिन पुढेमागे डुलायचाही प्रश्न मिटतो. यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही की कुठलं जास्तीचं वजन. नुसत्या मांडणीनेच काम होतं. व्ही-एटची क्रँक पाहिलीस ना? तिच्यावर जे जाडजूड वजनांचे पंखे ठोकलेले असतात त्यांच्याशिवाय ते बापडं सरळ फिरू शकत नाही.

दुसरं म्हणजे दर १२० अंशांना एक स्फोट. चारमध्ये एकाचा पॉवर स्ट्रोक संपतो तेव्हा कुठे दुसऱ्याचा सुरू होतो. इथे जत्रेतला रथ ओढताना एकाची पकड सुटायच्या आत दुसऱ्याची बसलेली असते, तसं चालतं. म्हणून आयडलला कान दिलास तर ठोके सुटे ऐकू येत नाहीत, एक सलग घुमणारा आवाज येतो. व्ही-एटचा गडगडाट सिनेमात छान वाटतो. पण त्या गडगडाटाचं मोठं कारण काय, तर त्याच्या एकेका बाजूच्या सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. लोक त्याच विषमतेचे जास्त पैसे देतात!

आता ताकद. इथे सगळे म्हणतात, लाँग स्ट्रोक आहे, म्हणजे पिस्टनची धाव लांब आहे, म्हणून सिक्स खालच्या फेऱ्यांत खेचते. डॉजच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण माझ्या तीनशेचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच आणि स्ट्रोक ३.९८ इंच, म्हणजे जवळजवळ चौरस. मग हिची खेच येते कुठून? हवा आत यायचे पोर्ट लहान, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम सौम्य, आणि १९८७ मध्ये इंजेक्शन येईपर्यंत वर एकाच नळीचा कार्बोरेटर. कमी फेऱ्यांतही हवा जोरात आत शिरते, सिलिंडर चांगला भरतो. वर गेलं की तेच लहान पोर्ट गळा आवळतात. नंतरच्या इंजेक्शनवाल्या मॉडेलचे आकडे बघ: हॉर्सपॉवर जेमतेम १५०, तीही ३४०० आरपीएमला. पण टॉर्क ३६० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो २००० लाच हजर. चार हजारांच्या पुढे नेऊन काही मिळत नाही, नुसता आवाज. ज्याला सिग्नलवर शर्यत लावायची आहे त्याने ही घेऊ नये. ज्याला ओल्या शेतातून लाकडं भरलेला हौदा बाहेर काढायचा आहे, त्याला ही क्लच न जाळता काढून देते.

आणि कामाला जुंपणाऱ्यांनी ती बरोबर ओळखली होती. यूपीएसच्या त्या तपकिरी पार्सलच्या गाड्या, विमानतळावर सामान ओढणारे ट्रॅक्टर, झाडाच्या फांद्यांचा भुगा करणारी यंत्रं, सगळीकडे हेच तीनशे बसवत. क्रँकला आधार द्यायला सात मेन बेअरिंग, आणि कॅम फिरवायला साखळी नाहीच, गिअरला गिअर. बारीक टीप तुझ्यासाठी: हलक्या कामाच्या इंजिनांत कॅमचा गिअर फायबरचा असतो, आवाज नको म्हणून. शहाणे लोक धातूचा घालतात आणि सूं आवाज सहन करतात. आबा म्हणाले असते, आवाज येऊ दे, दात तर जाणार नाहीत.

गंमत अशी, की हेन्री फोर्डला सहा सिलिंडरचा तिटकारा होता. १९०६ च्या सुमारास कंपनीने ‘मॉडेल के’ नावाची सहा सिलिंडरची महागडी गाडी काढली, ती चालली नाही, आणि म्हाताऱ्याने सहाचं नाव टाकलं. १९२९ मध्ये शेवरोलेने चारच्या किमतीत सहा अशी जाहिरात करून आपली सिक्स आणली तेव्हाही हा सहावर आला नाही. एकदम आठावर उडी मारली, १९३२ ची व्ही-एट. फोर्डची पुढची सिक्स यायला १९४१ उजाडलं. आणि त्याच कंपनीने पुढे पिकअपची सगळ्यात चिवट सिक्स बनवली. म्हातारा तोवर गेला होता, बरंच झालं.

शेवरोलेची ती १९२९ ची सिक्स, तिला इथे स्टोव्हबोल्ट म्हणतात, तिची वंशावळ १९६० च्या दशकापर्यंत चालली. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ मध्येच सुरू झाला होता, तेव्हा तिथे जोडलेल्या शेवरोले ट्रकांतून हीच सिक्स आपल्या घाटांत चढली असणार. डॉजची स्लँट सिक्स मला सगळ्यांत देखणी वाटते. १९६० च्या मॉडेलपासून आली. अख्खं इंजिन ३० अंश एका कुशीवर कललेलं, बॉनेट बुटकं ठेवता यावं म्हणून. त्या कलण्याने दुसऱ्या बाजूला लांब, वळणदार इनटेक नळ्यांना जागा मिळाली. मेन बेअरिंग फक्त चार, तरी मरत नाही. १९८० पर्यंत तिचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, हाताने सेट करावे लागत. तुझ्यासारख्या फट मोजायची फिलर गेज खिशात घेऊन झोपणाऱ्यासाठीच ती बनवली असावी.

तू म्हणशील, हे सगळं अमेरिकेतलं कौतुक. अरे, तू आयुष्य काढलंस ते कशावर? टाटाच्या ६९२ आणि ६९७ इंजिनांवर. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. टाटाच्या छोट्या ४०७ मधलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ बोअर. ६९७ आयडलला सोडून आबा बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवत आणि ४०७ वर ठेवत नसत, तो हाच फरक. आणि १९८९ मध्ये डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल घातलं, मूळचं शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठीचं, तेव्हा इथल्या पिकअपवाल्यांनी डोक्यावर घेतलं. तेही सहा, एका ओळीत. त्याच बी-सिरीजची इंजिनं पुढे जमशेदपूरला टाटा कमिन्स काढू लागली आणि तुझ्या दारात ट्रकांतून उभी राहिली. तू ती उघडलीस, इथल्या लोकांनी त्यांची पूजा केली, एवढाच फरक.

दोषही लिहितो, नाहीतर तू म्हणशील सासुरवाडीचं वर्णन करतोय. लिटरला सहा-सात किलोमीटर, रिकामी असो की भरलेली. कार्बोरेटर मध्यावर असल्याने एक आणि सहा नंबरच्या सिलिंडरांपर्यंत मिश्रण पोचता पोचता पातळ होतं. थंडीत चोक नीट नसेल तर इंजिन बराच वेळ कुरकुरतं. क्रँक लांब असते, पीळ बसतो, म्हणून पुढच्या पुलीवरचा रबराचा डँपर गेला तर दुर्लक्ष करून चालत नाही.

आणि लांबी. लांबीनेच हिला मारलं. आडव्या इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत ही मावेना. पिकअपमध्ये मावत होती, पण कंपन्यांना एकाच मशीन लाइनवर व्ही-एट आणि व्ही-सिक्स दोन्ही काढायचे होते. जनरल मोटर्सने १९८५ मध्ये पिकअपमधली सिक्स काढून ४.३ लिटरचं व्ही-सिक्स बसवलं, म्हणजे व्ही-एटमधून दोन सिलिंडर कापलेलं. ते हलायला लागलं. शेवटी १९९२ पासून त्यात बॅलन्स शाफ्ट घालायला सुरुवात केली. जे आधीच्या इंजिनात फुकट होतं त्यासाठी एक जास्तीचा शाफ्ट, त्याची बेअरिंगं, त्याचा गिअर! डॉजने तसंच केलं, आणि १९९७ च्या एफ-१५० मध्ये फोर्डनेही तीनशे काढून व्ही-सिक्स बसवलं. मला हा निर्णय हिशेबनिसाचा वाटतो, इंजिनिअरचा नाही. आणि बघ, आता तीच मंडळी परत आली आहेत: शेवरोलेच्या सिल्व्हराडोत तीन लिटरचं डिझेल, २०२५ च्या रॅममध्ये तीन लिटरचं दोन टर्बोवालं पेट्रोल. दोन्ही सहा, दोन्ही एका ओळीत. पण बॉनेट उघडून जमीन दिसायची नाही, प्लॅस्टिकच दिसेल.

मुलीकडे शिकागोला येशील तेव्हा इकडे ये, सहा तासांचा रस्ता आहे. गाडी तुझ्या हातात देतो. फक्त एक लक्षात ठेव, चार गिअरचा लांब दांडा आहे आणि पहिल्याचं गुणोत्तर साडेसहाच्या वर आहे, तो ओझं ओढण्यापुरता. रिकामी गाडी दुसऱ्यातच उचलायची. पहिल्यात टाकलीस तर माणसं पायी पुढे जातील. आणि पहिल्यात परत यायचं तर डबल क्लच, ते तुला सांगायला नकोच. वहिनींना नमस्कार. येताना १२१० ची फिलर गेज आण, शेजाऱ्याकडे १९७४ ची स्लँट सिक्स आहे आणि त्याचे टॅपेट वाजतात.

तुझा,
विन्या