स्कार आहे, पण किती जाड?

संपादक महोदय,

हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोत ‘पंपिंग ३० टक्के, पुढची भिंत हलत नाही’ असे आले की भिंत मेली, असे नागपुरात सर्रास धरले जाते. ते दर वेळी खरे नसते. रक्तपुरवठा दीर्घकाळ तोकडा राहिला की काही पेशी आकुंचनाचे तंतू गमावतात, ग्लायकोजेन साठवतात आणि जिवंत राहूनही काम थांबवतात. मेलेल्या पेशींच्या जागी मात्र कोलॅजेनचा घट्ट व्रण, म्हणजे स्कार उरतो. साध्या इकोत दोन्ही भाग सारखेच थिजलेले दिसतात.

हा फरक गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य शिरेतून देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये कळतो. हे द्रव्य जिवंत पेशीत शिरत नाही, पेशींमधल्या जागेतच राहते. स्कारमध्ये ती जागा मोठी असल्याने ते तिथे रेंगाळते व भाग पांढरा दिसतो. मात्रा किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिमोल, चित्रे १० ते २० मिनिटांनी. घाई केली तर हृदयाच्या कप्प्यातले रक्तही पांढरेच असते आणि आतल्या थरातला बारीक स्कार त्यात हरवतो. (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे कोरोनरी आजारात स्कार आतूनच सुरू होऊन बाहेर सरकतो, आतला थर सोडून फक्त मधे दिसला तर कारण वेगळे शोधावे.) निरोगी स्नायू काळा यावा म्हणून ठरवलेला इन्व्हर्जन टाइमही (मशीनच्या पहिल्या पल्सपासून चित्र घेईपर्यंतचा वेळ) द्रव्य ओसरते तसा वाढवत न्यावा लागतो, आणि नेमके तेच राहून जाते.

रिपोर्टात नुसते ‘स्कार आहे’ लिहून सर्जनला काही कळत नाही. डाव्या कप्प्याच्या १७ भागांपैकी प्रत्येकात भिंतीच्या जाडीचा किती टक्के स्कार आहे, ते हवे. ७५ टक्क्यांच्या वर असेल तर बायपासनंतर तो भाग क्वचितच हलतो. स्कार नसेल तर बहुधा सुधारतो. मधल्या पट्ट्यात डोब्युटामिन हे आकुंचन वाढवणारे औषध कमी मात्रेत देऊन केलेला इको मदत करतो.

ईसीव्ही, म्हणजे स्नायूतल्या पेशींबाहेरच्या जागेचा वाटा, मोजायचा असेल तर हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) त्याच दिवसाचा घ्यावा. विदर्भात सिकलसेल आहे, त्यात हे प्रमाण बदलत राहते. जुन्या आकड्यावर हिशेब चुकतो. ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचा प्रकार विचारपूर्वक निवडावा.

आणि जिवंत स्नायू दिसला म्हणून लगेच स्टेंट, हेही नको. २०२२ च्या रिव्हाइव्हड चाचणीत पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेल्यांमध्ये औषधांना अँजिओप्लास्टीची जोड देऊनही मृत्यू वा हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही.

– हृदय-प्रतिमाशास्त्रातील काही डॉक्टर, नागपूर