फेरीबोट आणि एसटी यांची गाठ घालून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या जानेवारीत मी आणि माझी भाची पाठीवर एकेक सॅक टाकून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईहून मालवणला गेलो. भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच धरली आणि तिथून पुढे नऊ दिवस एसटी, फेरीबोट आणि आपले पाय. मोटार नाही, आधीचे बुकिंग नाही. दोघींचा मिळून खर्च १३ हजारांच्या आत भागला. माझे वय ५८, भाची २२ वर्षांची. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘एवढ्या पैशात कोकण होत नाही’ आणि ‘या वयात सॅक घेऊन काय फिरायचं’ ही दोन्ही वाक्ये निघण्याआधी मला बऱ्याच जणांनी ऐकवली. कोकण होते, आणि फार चांगले होते. एकच गोष्ट आड येते. ती दुरुस्त करायला पैसाही फारसा लागत नाही, म्हणून हे पत्र.

आधी जमेची बाजू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आमचा प्रवासखर्च इतका कमी आला की राहण्या-जेवणाला हात जरा सैल सोडता आला. ही सवलत नसलेल्या पुरुषांना चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढता येतो. कॉलेजच्या मुलांना तो माहीतच नसतो, हे मला रस्त्यात भेटलेल्या मुलांकडून कळले. मुक्काम आम्ही गावातल्या घरांतूनच केले. पडवीलगतची खोली, बाहेर न्हाणीघर, सकाळी घावन आणि चहा. रात्रीचे जेवण हवे असेल तर दुपारीच सांगावे लागते, एवढीच अट. ज्यांना एसीशिवाय झोप येत नाही त्यांनी हा मार्ग धरू नये. बाकी सगळ्यांनी धरावा.

अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. किती वाजता निघावे, हे किनाऱ्यावरच्या एका आजोबांना विचारले, तर त्यांनी भाचीलाच उलट विचारले, “आज तिथी कोणती?” अष्टमी होती. “आठाचे पाऊणपट किती? सहा. म्हणजे सहाला भरती. मग बाराला सुकती.” बाराच्या सुमारास आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्यात गेलो आणि पाणी चढायच्या आत परत आलो. पुढे भाचीने हा हिशेब वहीत मांडून ठेवला आणि रोज कॅलेंडरातली तिथी बघून भरती काढू लागली. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. होडी दरवाजाच्या पायऱ्यांपाशी लाटेवर वरखाली होत होती, आणि होडीतल्या पोराने मनगट घट्ट धरून मला नेमक्या क्षणी पायरीवर घेतले. सॅक पाठीवर असती तर ते जमले नसते. सॅक आम्ही धक्क्यावरच्या शहाळेवाल्याच्या भरवशावर ठेवल्या होत्या. तिथे सामान ठेवायची एखादी खोली झाली तर बरेच होईल, पण ते पुढचे.

खरे कोकण खाड्यांवर भेटते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांची मुखे इतकी रुंद आहेत की रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो, आणि फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे नेते. जुनी माणसे अजून ‘तरीने गेलो’ असेच म्हणतात. चौल आणि दाभोळ ही तर शेकडो वर्षांची बंदरे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि परतीला दाभोळहून गलबतात चढला. भाची इतिहासाची विद्यार्थिनी. दाभोळच्या धक्क्यावर ती बराच वेळ नुसती पाण्याकडे बघत उभी होती, आणि मीही तिला हाक मारली नाही.

आता गाऱ्हाणे. एका संध्याकाळी आम्ही अशीच एक खाडी ओलांडली. धक्क्याचे नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच धक्क्याचे दुखणे नाही. बोटीचा लोखंडी फळका खडखडत उतारावर टेकला. आधी मोटारसायकली गेल्या, मग मोटारी, मग बर्फाचा टेम्पो. पाच मिनिटांत धक्का मोकळा. उरलो आम्ही दोघी, दप्तरे घेतलेली दोन मुले आणि मासळी विकून रिकामी पाटी घेऊन निघालेली एक बाई. शेवटची गाडी बोट लागायच्या वीस मिनिटे आधी निघून गेली होती. चहावाला म्हणाला, “रोज असंच होतं.” धक्क्यावर बोटीच्या भाड्याचा फलक होता, गाडीच्या वेळेचा एक शब्द कुठे नव्हता. फोनला रेंज नाही. रिक्षावाल्याने ७०० रुपये सांगितले. त्याचेही चुकले नाही, त्याला परतीचे भाडे मिळणार नव्हते.

ती बाई थोडी पुढे गेली होती, ती मागे वळली. “काळोखाचं कुठं जाताय आता? चला घरी. पाटेला वस्तीची गाडी सुटेल, तिनं जा.” त्या रात्री आम्ही तिच्या घरी तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण जेवलो. तिला रोज धक्क्यापासून घरापर्यंत तीन किलोमीटर चालावे लागते, डोक्यावर पाटी घेऊन, हे जेवताना कळले. ती दोन मुलेही रोज चालतात. पैसे तिने घेतले नाहीत. पहाटे वस्तीच्या गाडीचे कंडक्टर नळावर तोंड धूत होते आणि ड्रायव्हर काचेवर तांब्याने पाणी मारत होते. आम्हाला दोघींना बघून त्यांनी दार उघडून आधी बसायला दिले.

मला त्या रात्रीचे दुःख नाही, ती रात्र मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या बाईचे रोजचे तीन किलोमीटर माझ्या मनातून जात नाहीत. आम्ही एक दिवस अडकलो, ती रोज अडकते. भाचीच्या वयाच्या दोन मुली तिथे असत्या आणि ती बाई नसती तर, हाही विचार येतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक धक्क्यावर, दोन्ही काठांना, पत्र्याच्या फलकावर रंगाने गाड्यांच्या वेळा लिहाव्यात, आणि शेवटच्या गाडीची वेळ ठळक. संध्याकाळची निदान एक गाडी शेवटच्या बोटीची वाट बघून सुटावी. बोट चालवणारे आणि त्या त्या भागातले एसटीचे आगार यांनी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी, एकमेकांना वेळापत्रक द्यावे. नवी बस नको, नवा धक्का नको.

रेवस–रेडी सागरी मार्गाचे पूल होणारच आहेत, मग आता कशाला, असे कोणी म्हणेल. पूल मोटारींसाठी होतील तेव्हा होवोत. पायी माणूस पुलावरून दोन-दोन किलोमीटर चालत खाडी ओलांडणार का? आणि कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण सुरू झाली तरी ती किनाऱ्यापासून आतून धावते. कुडाळला उतरून मालवण गाठायला एसटीच लागते. पायी माणसाला किनाऱ्यावर एसटी आणि बोट याच दोन आधार आहेत. त्यांची गाठ पडली तर सुट्टीत सॅक घेऊन निघणाऱ्या मुलामुलींच्या खिशातले पैसे थेट त्या पडवीतल्या खोल्यांत आणि खाणावळीत जातील.

शेवटी आपल्याला एक विनंती. खाडीकाठच्या वाचकांनी आपापल्या धक्क्यावरून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची आणि शेवटच्या बोटीची वेळ आपल्याकडे कळवली, तर ती एका जागी छापावी. दिवाळीच्या सुट्टीआधी छापली तर फारच उपयोगी पडेल. आम्ही लिहून घेतलेल्या पाच धक्क्यांच्या वेळा या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली,
एक वाचक, कराड