न विचारता ओल दाखवणाऱ्या घरमालकांना

आदरणीय काका,

सामान लावून झालं, पडदे लागले, तरी तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेलेत. समोर भेटलात की तुम्ही "असू दे हो, त्यात काय" म्हणत जिना चढून जाता. म्हणून आता चार लोकांसमोर लिहिते, म्हणजे तुम्हाला पूर्ण वाचावंच लागेल.

शहराच्या जुन्या भागात भाड्याने घर शोधायला निघालं की एक वाक्य जागोजागी ऐकायला मिळतं: "जुनं बांधकाम आहे, थोडंफार चालायचंच." त्या थोड्याफारात काय काय खपवतात! एका घरी रंग इतका ताजा होता की वासाने डोकं दुखायला लागलं, आणि कोपऱ्यात बोट टेकवलं तर रंगाखालचा गिलावा भुसभुशीत. एजंटला विचारलं, तर त्याला नेमका तेव्हाच फोन आला. त्याआधी मी जिथे राहत होते तिथल्या मालकांनी तर ओलीचं खापर माझ्यावरच फोडलं. म्हणे तुम्ही खिडक्या उघडत नाही. आणि डिपॉझिट कापून घेतलं. त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

अशा मनःस्थितीत मी तुमच्याकडे आले होते. उंच छत, लाकडी तुळया, हातभर जाड भिंती. घर आवडलं होतं, पण तोंडावर दिसू द्यायचं नाही असं ठरवून उभी होते. तेव्हा तुम्ही चष्मा खिशात ठेवलात, बाह्या सारल्यात आणि मागच्या खोलीतलं ते जड शिसवी कपाट स्वतः सरकवायला लागलात. मी "राहू द्या" म्हणेपर्यंत ते वीतभर पुढे आलंही होतं. मागे कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि कडेने पांढरे क्षार फुललेले. तुम्हाला धाप लागली होती. म्हणालात, "हे आधी बघून घ्या. मग घर पसंत आहे का ते सांगा."

काका, मी काही विचारलंच नव्हतं. कपाट जागेवर राहिलं असतं तर पावसाळ्यापर्यंत मला पत्ताही लागला नसता.

मग तुम्ही कारणही सांगितलंत. भिंत चुन्यात बांधलेली, जमिनीतली ओल तिच्यात थोडी चढणारच. चुन्याचा गिलावा असेल तर ती हळूहळू बाहेर पडून सुकते. पण मधे कधीतरी तिथे सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइल पेंट मारला, आणि ओल आतच कोंडली. ते काम तुमच्याच सांगण्यावरून झालं होतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मला तिथेच ठरवावंसं वाटलं की राहायचं तर याच घरात.

वायरिंगचंही तसंच. जुन्या बोर्डांना अर्थिंग नव्हतं. मी राहायला यायच्या आत तुम्ही ते करून घेतलंत आणि वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विचही बसवलात. इमारत वारसा यादीत असल्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्या परवानगीशिवाय बदलता येणार नाहीत, एसीचं यंत्र दर्शनी बाजूला लावता येणार नाही, हे सह्या व्हायच्या आधी सांगितलंत. सह्या झाल्यावर या गोष्टी कळणं म्हणजे काय असतं, ते मी भोगलंय.

विचारल्यावर खरं बोलणारी माणसं मला भेटली आहेत. स्वतःचं नुकसान होऊ शकतं हे माहीत असून, कुणी न विचारता खरं पुढे ठेवणारी फार थोडी. ती कुठे मिरवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. घर शोधून थकलेल्या माणसाला अशी माणसं अजून आहेत हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणूनही हे पत्र.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळाले, असं तुम्ही काल म्हणालात. सिमेंट काढताना धूळ होईल, खोली रिकामी करावी लागेल, नवा गिलावा सावकाश वाळेल, घाईने रंग लावायचा नाही, असं सगळं तुम्ही मला बजावलंयत. चालेल काका, मी समोरच्या खोलीत झोपेन. फक्त कपाटाला तुम्ही हात लावायचा नाही. माझा भाऊ येणार आहे.

तुमची,
तळमजल्यावरची भाडेकरू