मुलांना अण्णांकडे मागायला पाठव

चि. सौ. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

मुलांच्या आजोबांना, अण्णांना, नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यात, बरं केलंत. गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, या वयात कधी ६-८ सुद्धा. तोवर मनाने बंद करू नका. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी वयस्कर माणसांचं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. मग ते गोंधळतात, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला. रक्त कधी तपासायचं ते डॉक्टरांना विचारून घे. थायरॉइड, बी-१२ राहिलं असेल तर तेही त्यातच होऊ दे.

आता मुलांचं. बोस्टन कॉलेजच्या सारा मूरमन आणि जेफ्री स्टोक्स यांनी आजी-आजोबा आणि मोठ्या झालेल्या नातवंडांच्या १९८५ ते २००४ या काळातल्या माहितीचा अभ्यास केला. जिव्हाळा होता तिथे दोन्हीकडे नैराश्याची लक्षणं कमी होती. मात्र ज्या आजी-आजोबांना नुसती मदत घ्यावी लागत होती, उलट काही देता येत नव्हतं, त्यांची लक्षणं वाढली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण ओझं झालोय हे या आजारात आधीच मनात ठाण मांडून असतं; पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून दिला की ते पक्कं होतं.

म्हणून मुलांनी त्यांच्याकडे काहीतरी मागावं. अण्णांच्या पिढीची पावकी-दिडकी पाठ असते. थोरलीने रोज एकच पाढा शिकून घ्यावा. धाकट्यासोबत वाटीभर मटार सोलायला द्यावेत. वेळ संध्याकाळची, रोज तीच, १५-२० मिनिटं. नैराश्यात बहुधा सकाळ जड जाते, तेव्हा आग्रह नको. रविवारी दिवसभर मुलं अंगावर टाकलीत तर ते थकतील आणि सोमवारी दार लावून बसतील. टीव्ही बंद, मुलं समोर, तोंडावर उजेड. कमी ऐकू येणारी माणसं गप्प होतात आणि आपण त्याला उदासी समजतो. कानही तपासून घ्या.

अण्णा "नको" म्हणतील. मुलांना आधीच सांग, "आजोबांचं मन आजारी आहे, तुमच्यामुळे नाही." मग तिथेच शेजारी बसून चित्र काढू दे. पापा घे, मिठी मार अशी सक्ती कुणावरच नको. आजोबांना बरं करायची जबाबदारी मुलांच्या अंगावर पडता कामा नये, त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचीही नाही.

"आता सुटलो तर बरं" असं ते बोलले तर विषय बदलू नकोस. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. होकार आला तर एकटं ठेवू नका, गोळ्या तुझ्या कपाटात कुलपात ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं.

पहाटे किती वाजता जाग येते, पोळ्या किती जातात, मुलं शाळेतून आली का असं आपणहून विचारतात का, एवढं वहीत टिपत जा. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा.

तुझी आई