बिलिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या आवृत्तीत बिल करणाऱ्या माणसाच्या निर्णयाला जागाच न ठेवल्याबाबत.

महोदय,

सोलापुरात चाटी गल्लीत आमचा टॉवेल-चादरींचा घाऊक व्यापार असून, २०१७ साली जीएसटी लागू झाल्यापासून आम्ही आपलेच सॉफ्टवेअर वापरत आहोत.

पूर्वी गिऱ्हाइकाच्या नावाची पहिली अक्षरे टाइप केली की त्या नावाची सर्व खाती गाव व जीएसटी क्रमांकासह समोर येत आणि आमचे दिवाणजी त्यांतून नेमके खाते निवडत. आता सॉफ्टवेअर मागील व्यवहारांवरून अंदाज बांधून एकच खाते परस्पर भरते, त्याचे गाव दाखवत नाही, आणि एंटर दाबताच बिल कायम करून टाकते. सिद्धेश्वर किंवा स्वामी समर्थ यांच्या नावाची दुकाने आमच्या भागात गावोगाव आहेत. परिणामी अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाचे बिल त्याच नावाच्या पंढरपूरच्या दुकानाच्या खात्यावर निघाले आणि माल भरलेली गाडी दारात खोळंबली. मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल २४ तासांच्या आत रद्द करता येते म्हणून ते निस्तरले. परंतु ही चूक विवरणपत्रात तशीच गेली असती, तर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, भलत्याच व्यापाऱ्याकडे दिसले असते आणि आमच्या गिऱ्हाइकाला ते मिळाले नसते.

अंदाज बांधणाऱ्या तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. कोणता माल संपत आला आहे, याची आगाऊ सूचना देणारी आपली नवी सोय आम्हाला मनापासून आवडली, कारण ती केवळ सुचवते आणि खरेदीचा निर्णय आमच्यावर सोडते. हाच विवेक बिलाच्या पडद्यावर का पाळला गेला नाही, हे आम्हाला समजत नाही.

दुसरी अडचण कालमर्यादेची आहे. दिवाणजी गोदामात जाऊन डझनांचे गठ्ठे मोजून परत येईपर्यंत लॉगआउट झालेले असते आणि अर्धवट बिल पुसले जाते. सुरक्षेसाठी मर्यादा असावी, हे मान्य आहे. तथापि, वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या सुगम्यतेच्या (सर्वांना सहज वापरता येण्याच्या) मार्गदर्शक तत्त्वांत, वेळ संपण्यापूर्वी वापरकर्त्याला सूचना देऊन साध्या कृतीने मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत, असा एक पर्याय २००८ पासून नमूद आहे. आर्थिक व्यवहार कायम होण्यापूर्वी तो तपासून दुरुस्त करण्याची संधी द्यावी, असाही एक पर्याय त्याच तत्त्वांत सांगितला आहे.

याबाबत आपल्या मदत केंद्राशी संपर्क साधला असता पूर्वीप्रमाणे मराठीत बोलणारी व्यक्ती भेटली नाही. उत्तरे देणाऱ्या यंत्राने प्रत्येक वेळी ‘नवीन बिल कसे तयार करावे’ या लेखाचाच दुवा पाठवला.

तरी खाते निवडण्याची पूर्वीची पद्धत पुन्हा द्यावी, बिल कायम करण्यापूर्वी नाव, गाव व जीएसटी क्रमांक दाखवून संमती घ्यावी, अर्धवट बिल जतन व्हावे आणि मदतीसाठी मराठी जाणणारी व्यक्ती उपलब्ध करून द्यावी, ही विनंती. जानेवारीतील गड्डा यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागते. त्यापूर्वी हे बदल कधी होतील, ते लेखी कळवावे. तसे उत्तर मिळेपर्यंत आम्ही वार्षिक नूतनीकरणाची रक्कम भरणार नाही.

आपला,
एक जुना ग्राहक,
सोलापूर