फ्रिज शनिवारी येतोय, आधी हे वाचा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई स्पीकर चालू करते आणि बाबा मागून "ठेव आता, तिला ऑफिस असेल" म्हणतात, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईचा चष्मा काही वेळेवर सापडणार नाही.

तर पहिली गोष्ट, नवा फ्रिज बुक केलाय. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर "दोघांना कशाला" ने सुरुवात झाली असती आणि तुळशीचं लग्न आलं असतं तरी तुमचं ठरलं नसतं. शनिवारी दुपारपर्यंत घरी येईल, पैसे भरून झालेत. दिवाळीची सूट होती, जुन्याचे थोडे वजा झाले, दादाने अर्धे दिले (मी मागितले नव्हते, खरंच), त्यामुळे माझं कंबरडं वगैरे मोडलेलं नाही. लाईट बिलाचं म्हणाल तर जुना गेले कित्येक दिवस चोवीस तास घरघर करतोय, कट-ऑफच होत नाहीये, त्याच्यापेक्षा हा कमीच खाईल.

दुसरी गोष्ट पण मोठ्यानेच वाचा, आईने ऐकायला हवी. फ्रीझरला भोक बाबांच्या स्क्रूड्रायव्हरने पडलेलं नाही. मी पाडलंय.

गौरी जेवल्या त्या दिवशी. आई पुरणात अडकलेली, बाहेर पाहुणे, बर्फाचा ट्रे तळाशी असा चिकटलेला की हलेना. मी ओट्यावरचा सराटा घेतला, ट्रेखाली घातला आणि दिला एक हिसका. बारीकसं 'फुस्स' झालं. शेजारी कुकर होताच, त्याचाच आवाज असेल असं मी स्वतःला पटवलं, ट्रे निघाला, सरबत झालं, विषय संपला. दोन दिवसांनी मी पुण्यात आणि आईचा फोन, दूध नासलं.

आणि मग मी काय केलं तर तुम्हाला कामाला लावलं. मागची जाळी ब्रशने साफ करा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, दारात दहाची नोट धरून बघा रबर घट्ट आहे का, स्टॅबिलायझर बघा, नॉब सातवर न्या. या गोष्टी चुकीच्या नाहीत, फ्रिज कमी थंड करायला लागला की पहिल्यांदा हेच बघतात. पण बाबा जेव्हा म्हणाले ना की एका कोपऱ्यात तेवढा बर्फ धरतोय आणि बाकी फ्रीझर कोरडा, तेव्हाच मला कळलं होतं. गॅस कमी झाल्याचं लक्षण आहे ते. तरी मी बोलले नाही, आणि गुडघे दुखणारा माणूस फ्रिजमागे बसून धूळ काढत राहिला.

मग कोजागिरीला मसाला दूध नासलं, दुसरा मेकॅनिक आला, त्याने साबणाचं पाणी लावून बुडबुडे दाखवले, "कोणीतरी टोचलंय" म्हणाला आणि आई तेव्हापासून बाबांच्या मागे लागलीये. आई, बस कर आता. मला टायफॉईड झाला तेव्हा रात्री अडीच-तीनला बाबाच बर्फ काढायचे पट्ट्यांसाठी, त्याच पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने, आवाज नको म्हणून मुठीवर टॉवेल गुंडाळून. मी पडल्या पडल्या ऐकायचे, टुक टुक, मग नळाचं पाणी, मग कपाळावर गार. इतक्या वर्षांत पत्र्याला एक ओरखडा नाही त्यांचा. मी एका हिसक्यात काम केलं.

रिपेअर का नाही, हे बाबा विचारणारच. फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, आयुष्यभर तोच फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पहिल्या माणसाने भोक न शोधता नुसता भरून दिला, अठ्ठावीसशे रुपये, तीन आठवड्यांत हवेत. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर लावलेलं ठिगळ किती टिकेल याची खात्री दुसराही देत नाहीये, आणि गळक्या भोकातून आत हवा-ओल जाते ती कॉम्प्रेसरला मारते. तो असाही चटका बसेल इतका तापतोय.

आई, मला माहितीये तुझा जीव अडकलाय त्यात. टेम्पोतून उतरवून तू हळदकुंकू वाहिलं होतंस आणि उन्हाळाभर अख्खी गल्ली पातेली घेऊन बर्फाला यायची. पण पापडाचं कपाट म्हणून ठेवू असं मनातसुद्धा आणू नकोस, स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नाही. क्रोशाचं कव्हर काढून ठेव, नव्याला बसेल, मी माप विचारलंय. सायीचा डबा आधीसारखाच वरच्या कप्प्यात राहील. नवा फ्रॉस्ट फ्री आहे, म्हणजे बर्फाचा डोंगरच होणार नाही, कोणी काही टोचायचा प्रश्न नाही (मीही नाही).

आता ऐका. बाबांची न उघडलेली इन्सुलिनची पेनं शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्येच राहू देत, २ ते ८ डिग्री लागतं त्याला. जी आपल्या बंद पडलेल्या फ्रिजमध्ये राहिली होती ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायची नाहीत, खराब झालेली इन्सुलिन दिसायला चांगलीही दिसू शकते. "पाचशेचं पेन फेकू का" हे मला ऐकायचं नाहीये. नव्या फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला चिकटवून नको, तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं वाया गेलं. फ्रिज आला की लगेच चालू करू नका, दोनेक तास नुसता उभा राहू दे. मग रिकामाच चालू करा, चांगला गार झाल्यावर भाजी ठेवा. गरम वरण आत ढकलायचं नाही, पण ओट्यावर रात्रभरही ठेवायचं नाही. आणि कालची आमटी वास घेऊन "चालतंय" म्हणत खाणं बंद, मागच्या महिन्यात कोणाला सलाईन लागलं ते मला काकूंकडून कळलंय, तुमच्याकडून नाही. त्यावर मी भांडणार नाही, सध्या माझी भांडायची लायकी नाही.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. दिवाळीला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येतेय.

तुमची,
छकुली

ता. क. आई, तो पिवळा स्क्रूड्रायव्हर तू पिठाच्या डब्यामागे लपवलायस, बाबांनी सांगितलं. परत दे त्यांना. आणि शनिवारपर्यंत दूध अर्धा लिटरच घे.